पर्यावरणस्नेही नाताळ : परंपरा, कायदा आणि कुटुंबाची निवड

भारतासारख्या बहुधर्मीय देशात सण हे सामाजिक जीवनाचे महत्त्वाचे अंग आहे. सणांमुळे कुटुंबे एकत्र येतात, शेजारसंबंध दृढ होतात आणि हजारो कारागिरांना रोजगार मिळतो. त्याचबरोबर सणांच्या काळात वस्तू, वीज आणि अन्न यांचा वापर एकाएकी वाढतो व त्याचा भार हवा, पाणी आणि जमिनीवर पडतो. गणेशोत्सव व दिवाळीच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा गेली अनेक वर्षे होत आहे. नाताळही त्यास अपवाद नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २.३ टक्के आहे. नागालँड व मिझोराममध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांहून अधिक, मेघालयात सुमारे ७५ टक्के, गोव्यात सुमारे २५ टक्के व केरळमध्ये सुमारे १८ टक्के आहे. तथापि, आज नाताळ केवळ ख्रिस्ती समाजापुरता मर्यादित राहिलेला नाही. महानगरांतील दुकाने, उपाहारगृहे, शाळा आणि पर्यटनस्थळे येथे डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच नाताळची सजावट दिसू लागते. यातील मोठा भाग बाजारपेठेने घडविलेला आहे, धार्मिक आचाराने नव्हे. म्हणूनच हा प्रश्न एका समाजाचा नसून उपभोगाच्या पद्धतीचा आहे, हे प्रथम ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

भारतीय नाताळची मूळ साधने

पर्यावरणस्नेही नाताळ म्हणजे काही तरी नवे व कठोर व्रत, असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात भारतातील नाताळच्या जुन्या रूढी पाहिल्या तर त्यांत टाकाऊ कचरा फारच थोडा निर्माण होत असे, असे दिसून येते.

घरावर लावला जाणारा तारा हे याचे उत्तम उदाहरण होय. केरळ, गोवा तसेच कोकण किनाऱ्यावर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर रंगीत कागद चिकटविण्याची पद्धत होती. कागद फाटला की तो बदलला जाई, सांगाडा मात्र पुढील वर्षासाठी माळ्यावर ठेवला जाई. दिवाळीच्या आकाशकंदिलाशी या ताऱ्याचे नाते उघड आहे.

ख्रिस्तजन्माचा देखावा, म्हणजेच गव्हाणी, हे दुसरे उदाहरण. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी असा देखावा प्रथम उभारला, असे परंपरा सांगते. निसर्गाविषयीच्या त्यांच्या आत्मीयतेमुळे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये त्यांना पर्यावरणक्षेत्राचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. गोव्यात गव्हाणीभोवतीचे शेत दाखविण्यासाठी सणाच्या काही दिवस आधी ताटलीत वा कुंडीत नाचणी पेरण्याची पद्धत आहे. नाताळच्या सुमारास हिरवे कोंब वर येतात आणि देखाव्यात जिवंत शेत उभे राहते. भाताचे पेंढे, माती, नारळाच्या झावळ्या ही उरलेली सामग्री. सण सरल्यावर यांतील बहुतेक सर्व वस्तू मातीत वा गोठ्यात परत जातात.

तिसरी रूढी फराळाची. गोवा व मंगळूर भागात ‘कुस्वार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाताळच्या फराळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल इत्यादी पदार्थ असतात. तांदळाचे पीठ, नारळ आणि गूळ ही त्यांची सामग्री स्थानिक असते. फराळाचे ताट शेजाऱ्यांकडे जाते व गणेशचतुर्थीला तिकडून फराळ येतो. वेष्टनाचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. मिझोराममध्ये नाताळच्या सुमारास संपूर्ण वस्तीचे एकत्र भोजन होते, त्यास ‘रुआइ’ म्हणतात. एकत्र रांधल्याने इंधनाची बचत होते व अन्नाचा अंदाजही अधिक नेमका बांधता येतो.

या रूढींमधील समान सूत्र म्हणजे स्थानिक सामग्री, पुनर्वापर आणि वाटून घेणे. प्लॅस्टिकचे तारे, चकाकत्या झिरमिळ्या, थर्माकोलचा बर्फ आणि पीव्हीसीचे झाड हे या सूत्रात नंतर शिरलेले घटक आहेत. ज्या किनाऱ्यावर बर्फ कधी पडत नाही, तेथे थर्माकोलचा बर्फ पसरविला जातो, यावरून सजावटीचा आदर्श कोठून आला हे स्पष्ट होते.

कायद्याची चौकट

राज्यघटनेतील ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (ग) समाविष्ट करण्यात आले. पहिला अनुच्छेद पर्यावरणाच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर सोपवितो, तर दुसरा तेच नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानतो. अनुच्छेद २५ अन्वये मिळालेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. सणांविषयीचे सर्व नियम या चौकटीत समजून घ्यावे लागतात.

*प्लॅस्टिक* : प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ जुलै २०२२ पासून निवडक एकल-वापर प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या, प्लॅस्टिकची ताटे, पेले, काटे-चमचे व स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रांवर गुंडाळली जाणारी पातळ फिल्म, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे प्लॅस्टिक फलक यांचा त्यांत समावेश आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांनाही मनाई झाली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्येच प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली होती.

*फटाके* : अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच परवानगी दिली व वेळाही ठरवून दिल्या. दिवाळीसाठी रात्री ८ ते १०, तर नाताळ आणि नववर्षाच्या पूर्वरात्री ११.५५ ते १२.३० ही वेळ निश्चित झाली. बेरियमयुक्त फटाक्यांना मनाई करण्यात आली. निरनिराळ्या धर्मांच्या सणांना एकाच निकालाने एकाच तत्त्वाखाली आणले, हे या निकालाचे वैशिष्ट्य होय. ‘ग्रीन फटाके’ विकसित करण्यात नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘नीरी’चा, प्रमुख वाटा आहे. हे फटाके प्रदूषण कमी करतात, पूर्णतः टाळत नाहीत, हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

*ध्वनी* : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांना मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे.

या तरतुदींचा आवाका मोठा असला तरी त्यांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पीव्हीसीचे झाड, चकाकत्या झिरमिळ्या, प्लॅस्टिकचा तारा किंवा चमकी या वस्तू २०२२ च्या बंदीच्या यादीत नाहीत. उरलेल्या अन्नाविषयीही कायदा घराच्या स्वयंपाकघरात शिरू शकत नाही. कायदा किमान पातळी ठरवितो, त्यापुढील निर्णय कुटुंबाकडे राहतो.

घरातील साधे उपाय

*झाड* : नाताळवृक्षाची प्रथा सोळाव्या शतकाच्या सुमारास जर्मन भाषक प्रदेशात रूढ झाली. भारतात किनारी भागात सुरूच्या फांद्या, तर ईशान्येकडे पाइनच्या फांद्या यासाठी वापरल्या गेल्या. येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो : कृत्रिम झाड चांगले की खरे? ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार सुमारे दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढेच खरे झाड कचराभूमीत कुजले तर सुमारे १६ किलो आणि जाळले तर सुमारे ३.५ किलो उत्सर्जन होते. कचराभूमीत प्राणवायूविना कुजताना मिथेन हा अधिक तीव्र हरितगृह वायू निर्माण होतो, म्हणून दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा आहे. हे आकडे ब्रिटनमधील परिस्थितीचे असले, तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष सर्वत्र उपयोगी आहे : वस्तू कशाची आहे याइतकेच ती किती वर्षे वापरली जाते आणि शेवटी कोठे जाते हेही महत्त्वाचे असते. ज्या घरी कृत्रिम झाड आधीच आहे, त्या घराने ते टाकून न देता दहा-बारा वर्षे वापरणे हाच पर्यावरणस्नेही मार्ग ठरतो.

नवे झाड घ्यावयाचे असल्यास कुंडीतील झाड हा उत्तम पर्याय आहे. भारतीय रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने बहुधा अरॉकेरिया प्रजातीची झाडे मिळतात. ती कुंडीत अनेक वर्षे टिकतात. घरातील कोणतीही मोठी कुंडी किंवा वाळलेली फांदीही सजविता येते. फांदी तोडण्यापूर्वी मात्र परवानगीचा विचार हवा. महाराष्ट्रातील नागरी भागांसाठी १९७५ चा व गोव्यासाठी १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे.

*तारा व दिवे* : १ डिसेंबर ते ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ३७ दिवस, ताऱ्यात रोज १० तास ६० वॅटचा जुना दिवा जळतो असे मानू. एकूण वापर २२.२ युनिट होतो. त्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास तो ३.३ युनिटवर येतो. तोच दिवा रोज सहा तासच ठेवला तर वापर केवळ दोन युनिट होतो. देशातील विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, हे ध्यानात घेता एका ताऱ्यामागे सुमारे १४ किलो उत्सर्जन टळते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले, त्यामागे हेच गणित आहे.

तथापि, दिवे स्वस्त झाले म्हणून दुप्पट माळा लावल्यास बचत नाहीशी होते. अर्थशास्त्रात यास ‘प्रत्याघात परिणाम’ म्हणतात. बिघडलेल्या माळा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडे देणे आवश्यक आहे.

ताऱ्याच्या सांगाड्यासाठी बांबू वापरल्यास त्याचा लाभ ग्रामीण कारागिरांना होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर पिकविलेल्या बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली. बांबूचा तारा विकत घेणारे कुटुंब या धोरणात आपला छोटा सहभाग नोंदविते.

*भेटवस्तू व वेष्टन* : चकचकीत वेष्टनात बहुधा कागद, प्लॅस्टिक व धातूचा पातळ थर एकत्र असतो. हे थर वेगळे करणे कठीण असल्याने त्याचा पुनर्वापर होत नाही. कागद मुठीत चुरगळून सोडल्यावर तो पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक असण्याची शक्यता अधिक, ही सोपी परीक्षा घरी करता येते. वर्तमानपत्र, जुन्या साडीचा तुकडा, कापडी पिशवी किंवा बांबूची टोपली हे पर्याय पुनःपुन्हा वापरता येतात. चमकीचे कण सूक्ष्म प्लॅस्टिकच असतात. सांडपाण्यातून ते नदी व समुद्रात पोहोचतात. या कारणाने युरोपीय संघाने २०२३ मध्ये प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर निर्बंध आणले.

*भोजन* : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचणाऱ्या अन्नाच्या सुमारे १९ टक्के इतके हे प्रमाण असून त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा आहे. पाहुण्यांची संख्या आधी विचारून घेणे, टिकाऊ पदार्थ आधी व नाशवंत पदार्थ ऐनवेळी करणे, उरलेले अन्न त्याच दिवशी वाटणे आणि ओल्या कचऱ्याचे खत करणे या चार सवयींनी हा अपव्यय बराच कमी होतो. केळीची पाने, पत्रावळी किंवा घरातील स्टीलची भांडी वापरल्यास एकदाच वापरावयाच्या ताटांची गरज उरत नाही.

समूहाची भूमिका

एका घराचा प्रयत्न चर्चच्या, शाळेच्या वा वस्तीच्या पातळीवर गेला की त्याचा परिणाम वाढतो. केरळने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी ‘हरित आचारसंहिता’ अवलंबिली व पुढे विवाह, धार्मिक उत्सव आणि सार्वजनिक समारंभांत तिचा प्रसार केला. एकदाच वापरावयाच्या वस्तू टाळणे, भांडी भाड्याने देण्याची सोय करणे आणि कचऱ्याचे जागेवरच वर्गीकरण करणे हा तिचा गाभा आहे. प्रत्येक कुटुंबाने भांडी विकत घेण्याऐवजी वस्तीने मिळून एक संच ठेवणे, हा त्यातील अनुकरणीय भाग होय.

ख्रिस्ती समाजातील विचारप्रवाहही या दिशेस पोषक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे पृथ्वीरूपी सामायिक घराच्या निगेविषयीचे परिपत्रक प्रसृत केले. महाराष्ट्रात वसईच्या हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी झालेल्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेले नेतृत्व सर्वपरिचित आहे.

पर्यटनस्थळी ही जबाबदारी अधिकच वाढते. गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी ओळखले जातात आणि विणीचा हंगाम नाताळ-नववर्षाच्या गर्दीच्या काळातच येतो. मादी अंधारात किनाऱ्यावर येते. पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर समुद्रावरील उजेडाच्या दिशेने सरकतात. उपाहारगृहांच्या प्रखर दिव्यांमुळे त्यांची दिशा चुकते व ती समुद्राऐवजी जमिनीकडे जातात. तेथे दिवे मंद करणे वा ते जमिनीकडे झुकविणे, हा खर्च जवळजवळ शून्य असलेला उपाय एका प्रजातीच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरतो.

समारोप

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने ‘लाइफ’, म्हणजेच पर्यावरणपूरक जीवनशैलीची संकल्पना मांडली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील एकता नगर येथे या अभियानाचा प्रारंभ झाला. ऊर्जाबचत, जलबचत, एकल-वापर प्लॅस्टिकचा त्याग, शाश्वत आहार, कचऱ्यात घट, निरोगी जीवनशैली व ई-कचऱ्यात घट हे त्याचे सात विषय आहेत. नाताळच्या एका घरगुती समारंभात यांपैकी बहुतेक विषयांची कसोटी लागते.

सण किती हरित झाला याचे मोजमाप २५ डिसेंबरच्या सायंकाळी होत नाही, ते सजावट उतरविल्यानंतर, म्हणजे ७ जानेवारीच्या सकाळी होते. त्या दिवशी बांबूचा सांगाडा माळ्यावर जातो, नाचणीचे कोंब मातीत मिसळतात, कुंडी अंगणात परतते. की काळ्या पिशव्यांची रास सफाई कामगाराच्या हाती येते, हाच खरा प्रश्न आहे. काय उरले आणि ते कोणाला उचलावे लागले, याचा विचार ज्या घरात आधी होतो, तेथे सणाचा आनंद कमी होत नाही आणि त्याचा भारही दुसऱ्याच्या खांद्यावर पडत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भारतातील नाताळच्या पारंपरिक रूढींमध्ये चक्रीय अर्थव्यवस्थेची कोणती तत्त्वे आढळतात? उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. अर्जुन गोपाल प्रकरणातील निकालाच्या आधारे धर्मस्वातंत्र्य आणि आरोग्याचा हक्क यांतील समतोलाची चर्चा करा.

३. एकल-वापर प्लॅस्टिकवरील २०२२ च्या बंदीची व्याप्ती व मर्यादा सांगा.

४. ‘पर्यावरणरक्षणात कायदा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही.’ सण-उत्सवांच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.